भिशीच्या बायकांना जुडी डेंच दाखवायची आहे, कुठून सुरू करू?

परभणीच्या_बाई

आमच्या गल्लीत भिशी आहे. महिन्यातून एकदा चिठ्ठी निघते, चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा होतो आणि पूर्वी मग तासभर सुनांचं नाहीतर गुडघ्यांचं पुराण चालायचं. शाळेतून रिटायर झाल्यावर मी त्यात सिनेमा घुसवला. लेकानं मोठा टीव्ही घेऊन दिलाय, म्हणून भिशी कुणाकडंही असली तरी सिनेमा माझ्याच हॉलमध्ये. पन्नाशीपासून ऐंशीपर्यंतच्या बायका. इंग्रजी बऱ्याच जणींना वाचता येतं, पण खालच्या ओळी ज्या वेगानं पळतात त्या वेगानं नाही. मग मी मधूनमधून थांबवते आणि मराठीत सांगते. आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जातो.

प्रत्येक सिनेमा आधी मी एकटी बघते, रात्री जेवणं आटोपल्यावर, वही घेऊन. कुठं थांबवायचं, कुठं चहा ठेवायचा आणि कुठं रिमोट हातात धरूनच बसायचं, ते लिहून ठेवते. शेवटचं का, ते सांगायला नको. एकाच दिवाणावर सासू-सून बसलेल्या असतात.

उन्हाळ्यातल्या भिशा यंदा जुडी डेंच या इंग्रज नटीच्या सिनेमांच्या करायचं ठरवलंय. ही बाई मला पहिल्यांदा दिसली ती लेकामुळं. तो टीव्हीवर बॉन्ड लावायचा आणि मी तिथंच गवार मोडत बसायचे. 'गोल्डन आय'मध्ये (1995) ती बॉन्डची साहेब म्हणून येते आणि त्याला तोंडावर सांगते, की तू बायकांना तुच्छ लेखणारा डायनासोर आहेस, शीतयुद्धातला उरलासुरला अवशेष. आवाज चढवत नाही, हे विशेष. आमच्याकडं संस्थाचालकांसमोर कुठल्या हेडबाईला असं बोलायची छाती झाली नाही.

पुढं मिळेल ते बघत गेले. जन्म 1934 चा, यॉर्कचा. 1957 मध्ये 'हॅम्लेट'मधली ओफिलिया करून रंगभूमीवर आली, पण सिनेमात जगभर नाव झालं ते साठी ओलांडल्यावर. (हे भिशीत मुद्दाम सांगणार आहे.) 'शेक्सपिअर इन लव्ह'मध्ये पहिली एलिझाबेथ राणी होऊन जेमतेम आठ मिनिटं दिसते आणि तेवढ्यावर ऑस्कर घेऊन गेली. तिची खरी ताकद मला विचाराल तर ऐकण्यात आहे. समोरचा बोलत असतो तेव्हा तिच्याकडं बघा. खालची ओळ वाचायला विसरलात तरी काही बिघडत नाही. आमच्या बायकांसाठी हीच का निवडली, त्याचं कारण एवढंच.

आता वहीतलं सांगते.

'फिलोमेना' (2013) पावणेदोन तासांच्या आत संपतो, म्हणजे दिवेलागणीला सगळ्या घरी. आयर्लंडमधली लग्नाआधी दिवस गेलेली पोर, तिला नन्सच्या मठात ठेवतात, कपडे धुवायला लावतात आणि तिचं तीन वर्षांचं पोरगं परस्पर अमेरिकेतल्या घरी दत्तक देऊन टाकतात. पन्नास वर्षांनी ती एका पत्रकाराला घेऊन त्याला शोधायला निघते. विषय ऐकून वाटेल की रडारड असेल. पण विमानतळावरचा प्रसंग बघा. छोट्या गाडीत बसून दोघं चाललेत आणि ती त्याला नुकत्याच वाचलेल्या प्रेमकथेची सगळी गोष्ट सांगते, अगदी शेवटापर्यंत, आणि वर म्हणते, हे असं होईल असं मला वाटलंच नव्हतं! पत्रकार ऑक्सफर्डचा शिकलेला, त्याचा जीव नकोसा झालेला. आमच्या कोपऱ्यावरच्या काकू मालिकेचा कालचा भाग सांगतात तो हुबेहूब हाच सूर. तिला साधी बाई करायची आणि बावळट करायची नाही, हे फार थोड्यांना जमतं. इथं एकदाही थांबवायची गरज नाही, फक्त मठ म्हणजे काय ते सुरुवातीला सांगायचं.

'व्हिक्टोरिया अँड अब्दुल' (2017) बघताना सासरे शेजारी बसले होते. नव्वदी ओलांडलीय, निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले. राणी मुन्शी अब्दुल करीमकडून उर्दू लिहायला शिकते तिथं ते खुर्चीतून पुढं सरकले आणि म्हणाले, "आमच्या मौलवीसाहेबांनी हे अक्षर पास केलं नसतं." सिनेमा गोडगोडच आहे, पण सुरुवातीची मेजवानी बघण्यासारखी. राणी भराभरा खाते, आणि तिचं ताट उचललं की सगळ्यांची उचलतात. बिचाऱ्या पाहुण्यांचा घास अर्ध्यात. पुढं तिला आंबा खावासा वाटतो, हिंदुस्थानातून मागवतात आणि तो नासलेला निघतो. आपल्याकडं मे महिन्यात केसरच्या पेट्या उतरतात तेव्हाच हा लावावा म्हणते.

'मेरीगोल्ड हॉटेल'ला सगळ्या हसतील. म्हातारे इंग्रज स्वस्तात राहायला मिळतं म्हणून जयपूरला येतात. डेंच त्यात नुकतीच विधवा झालेली, नवऱ्यानं कर्ज करून ठेवलेलं, हयातीत बाईनं स्वतः एक बिल भरलेलं नाही. सुरुवातीलाच फोनवर तिला सांगतात की खातेदाराशीच बोलायचंय. ती सांगते, ते वारले. तरी खातेदारच पाहिजे! आमच्या भिशीत निदान तिघींनी हे भोगलंय. मॅगी स्मिथ कमरेचा सांधा बदलायला येते, तेव्हा गुडघ्यांचं पुराणही मार्गी लागेल. रिमोट मात्र हाताशी हवा, दोघा-तिघांच्या गप्पा जरा वाह्यात आहेत.

आणि 'आयरिस' (2001). अडलंय ते इथं. आयरिस मर्डॉक ही मोठी लेखिका, तिला अल्झायमर होतो आणि नवरा सांभाळतो. तरुण आयरिस केट विन्स्लेट, म्हातारी डेंच. जन्मभर शब्दांवर जगलेली बाई टीव्हीसमोर बसून लहान पोरांचं टेलिटबीज बघते, आणि डेंचच्या डोळ्यांत काहीच नसतं. ज्या चेहऱ्याची मी एवढी तारीफ केली तो तिनं इथं पुसून टाकलाय. दीड तासाचाच आहे, तरी मला दोन रात्री लागल्या. आमच्या भिशीत एक वहिनी आहेत, त्यांचे मालक गेल्या दिवाळीपासून विसरायलेत. घराबाहेर पडले की परत वाट सापडत नाही. वहिनी कुणाला सांगत नाहीत, पण गल्लीला माहीत आहे. लावावा का? आणि बाकीच्यांचा क्रम काय ठेवू?

गोदाकाठचा

बाई, नमस्कार. नांदेडहून लिहितोय. क्रमाचं आधी सांगतो. व्हिक्टोरिया लावायचीच असेल तर आधी 'मिसेस ब्राउन' (1997) लावा. नवरा अल्बर्ट 1861 मध्ये गेल्यावर राणी काळ्या कपड्यांत कोंडून घेते आणि स्कॉटलंडचा एक नोकर, जॉन ब्राउन, तिला घोड्यावर बसवून बाहेर काढतो. डेंचला ऑस्करचं पहिलं नामांकन ह्यातच मिळालं. बीबीसीनं टीव्हीसाठी केलेला होता, थिएटरात मागाहून गेला. वीस वर्षांनी तीच नटी तीच राणी पुन्हा करते, असा योग कुठं येतो? लागोपाठच्या दोन भिशांत दाखवा, बायकांना तिचं वय वाढलेलं दिसेल.

'अब्दुल'वर माझा राग आहे. अब्दुल करीम आग्र्याच्या तुरुंगात कारकून होता, 1887 मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात विलायतेला गेला, ती मेल्यावर तिच्या पोरानं सगळी पत्रं जाळायला लावली, हे सगळं खरं. श्राबणी बसूंनी त्यावर कष्टानं पुस्तक लिहिलं. पण सिनेमात वर्णद्वेष सगळा दरबारी लोकांच्या आणि युवराजाच्या गळ्यात, आणि राणी एकटी धुतल्या तांदळासारखी. 1 जानेवारी 1877 ला व्हाइसरॉय लिटननं दिल्लीत दरबार भरवून तिला सम्राज्ञी जाहीर केलं, तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळानं माणसं मरत होती. आपल्याकडं घरोघरी 72 च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगतात, तर हाही सांगायला हरकत नाही. चहाच्या वेळी पाच मिनिटं बोला. डेंचचा दोष नाही, तिनं काम चोखच केलंय.

'फिलोमेना'बद्दल एक. शेवटी म्हाताऱ्या ननशी जी गाठ पडते, ती खऱ्या आयुष्यात पडलीच नव्हती. ती नन 1995 मध्येच वारली होती. बायकांना सांगा किंवा नका सांगू, प्रसंग जबरदस्तच आहे.

चिकलठाण्याचा_पिंट्या

बाई, एवढी लिस्ट केली आणि 'नोट्स ऑन अ स्कँडल' नाही?? डेंच त्यात रिटायरमेंटला आलेली मास्तरीण आहे आणि पार विषारी. नवीन टीचरचं (केट ब्लँचेट) पंधरा वर्षांच्या पोरासोबतचं लफडं हिला कळतं आणि ही ते कुणाला सांगत नाही, वापरते. डायरी लिहिते, चांगल्या दिवसांना सोनेरी चांदण्या चिकटवते. भिशीत लावू नका, दिवाणावर दंगल होईल. पण तुम्ही बघाच. गोड म्हातारी ही तिची अर्धीच बाजू आहे.

आणि 'स्कायफॉल' तरी लावा ना. त्यात ती बॉन्डएवढीच हीरो आहे.

लातूरकरीण

बाई, मी सिनेमातलं तुमच्याएवढं जाणत नाही, पण 'आयरिस' मी बघितलाय, आणि सासऱ्यांना सहा वर्षं सांभाळलंय. म्हणून लिहायलेय.

लोक विसरण्याचंच बोलतात. त्याचा एवढा त्रास नसतो हो. त्रास राग येण्याचा. त्या सिनेमात नवरा रात्री पलंगावर तिच्यावर ओरडतो, इतकी वर्षं तू माझी नव्हतीस आणि आता झालीस तर मला नको आहेस, अशा अर्थाचं काहीतरी. मी टीव्ही बंद केला आणि गच्चीवर जाऊन बसले. मीही सासऱ्यांना बोललेय, रात्री तीनला, सलग चौथ्यांदा चादर बदलताना. सकाळी त्यांना आठवत नव्हतं, मला आठवत होतं. तो नवरा झालेल्या जिम ब्रॉडबेंटला ऑस्कर मिळालं ते मला बरोबर वाटलं. सांभाळणाऱ्याचं कुणी दाखवत नाही.

तर लावू नका असं माझं मत. निदान सगळ्यांसमोर तरी नाही. अशा घरातल्या बाईला चारचौघींत रडायला आवडत नाही, आणि बाकीच्या जणी चोरून तिच्याकडंच बघतील. त्यांना आधी एकटीला गाठून विचारा. सिनेमाचं नंतर, आधी मालकांचं विचारा. आणि कुणीतरी दुपारी दोन तास त्यांच्याजवळ बसणारं असलं तर वहिनी भिशीला तरी येतील. मला त्या वर्षांत सगळ्यात जास्त काय पाहिजे होतं विचारलं तर ते दोन तास.

अजून एक, डेंचच्या स्वतःच्या डोळ्यांना पडद्याचा आजार आहे. 2012 मध्ये तिनं ते जाहीर केलं. आता संहिता वाचता येत नाही, दुसऱ्यांकडून वाचून घेऊन पाठ करते. मोतीबिंदूवाल्या बायकांना सांगा, धीर येईल.

परभणीच्या_बाई

सगळ्यांचे आभार. क्रम असा ठरला: पहिल्या भिशीला 'मेरीगोल्ड', म्हणजे हसून हसून बायका पुढच्यालाही येतील. मग 'फिलोमेना'. पुढं 'मिसेस ब्राउन', आणि अब्दुल त्यानंतर. केसरचा हंगाम तोवर संपून जाईल, म्हणून मुरांबा करून ठेवते. गोदाकाठचे दादा, दुष्काळाची पाच मिनिटं मान्य. सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, मीच बोलतो, आणि भिशीत पुरुषाला चिठ्ठी टाकता येते का तेही विचारून घे.

लातूरच्या ताई, तुमचं वाचून त्याच दिवशी वहिनींकडं गेले. सिनेमाचा विषय काढलाच नाही. धपाटे घेऊन गेले होते. मालकांनी मला ओळखलं नाही, पण शाळेचं नाव घेतल्यावर मास्तरांची नावं घडाघडा सांगितली. भिशीच्या दिवशी कोपऱ्यावरच्या काकूंचा नातू त्यांच्याजवळ बसायला तयार आहे, बारावी झालीय, मोकळाच आहे. वहिनींनी हो-नाही काही म्हटलं नाही, फक्त विचारलं, "किती वाजता सुरू करायलीस?" साडेतीन सांगितलंय.

पिंट्या, 'स्कँडल' काल रात्री लावला, सासरे झोपल्यावर. मास्तरीण खोली जशी ठेवते, पेपर जसे तपासते, सगळं ओळखीचं. अशी एक आमच्याही शाळेत होती, नाव घेत नाही. सोनेरी चांदण्यांचा बेत चांगलाय, वहीला आणल्यात.