शब्दचर्चा: अ‍ॅरे 'समान' की 'एकरूप'?

प्राजक्ता: रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या कम्पायलरवर (कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रामवर) मराठीत लिहितेय. २०२१ मध्ये दोन अ‍ॅरेंमधली == ('समान आहेत का?') तपासणी वेगवान केली, तो भाग. अ‍ॅरे म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांची ओळीने मांडलेली यादी. इक्वॅलिटीला 'समानता' लिहू की 'एकरूपता'?

निनाद: इथे दोन गोष्टी आहेत. मूल्यं समान असणं वेगळं, बाइट जुळणं वेगळं. पूर्णांक, बूल (खरं-खोटं), कॅरॅक्टर (अक्षर) यांत दोन्हींचं उत्तर एकच येतं, त्या बदलाने नेमका त्याचाच फायदा घेतला. चार बाइटचा अ‍ॅरे असेल तर एकेक घटक कशाला बघत बसायचं? दोन्हीकडचे चार-चार बाइट ३२ बिटांचा एक पूर्णांक म्हणून उचलायचे, एकदाच ताडायचे. ६४-बिट मशीनवर १६ बाइटपर्यंत असं चालतं, त्यापुढे मेमसीएमपी, म्हणजे मेमरीचे दोन तुकडे बाइटागणिक तपासणारं फंक्शन.

फ्लोटला, म्हणजे दशांश संख्यांना, मात्र हे लावता येत नाही. ०.० आणि -०.० समान, पण बाइट वेगळे. नॅनचं ('ही संख्याच नाही' असं दाखवणाऱ्या मूल्याचं) उलटं: बाइट अगदी तेच असले तरी तो स्वतःशीसुद्धा समान नाही!

शमाताई: 'एकरूप' नकोच. भक्त देवाशी एकरूप होतो, म्हणजे दोन उरतच नाहीत. इथे दोन अ‍ॅरे आपापल्या जागी आहेत. मूल्यांना 'समान', बाइटना 'तंतोतंत जुळतात'.

निनाद: ताई, पटलं. 'तोच' आणि 'तसाच' हा फरकही कामाला येईल. सी भाषेत दोन अ‍ॅरेंवर == लावलं की फक्त पत्ते ताडले जातात, म्हणजे प्रश्न 'तोच का?' असा होतो. रस्ट 'तसाच का?' विचारतं.

प्राजक्ता: मग मेमसीएमपीला 'तुलना' ना?

निनाद: हो, तिथे 'तुलना' चपखल आहे, कारण लहान कोण, मोठा कोण हेही ते सांगतं. नुसतं जुळतंय का एवढंच हवं असेल, तर एलएलव्हीएम (रस्ट कम्पायलर मशीन-कोड बनवायला वापरतो ती प्रणाली) त्याजागी बीसीएमपी हे दुसरं फंक्शन घालू शकतं. त्याला क्रमाशी देणंघेणं नाही. त्याला 'ताडणं' म्हण.

प्राजक्ता: आणि स्ट्रक्टमधलं (वेगवेगळ्या मूल्यांच्या एकत्र गटातलं) पॅडिंग, म्हणजे मूल्यांमध्ये सोडलेली रिकामी जागा? तिथले बाइट काहीही असू शकतात, म्हणून स्ट्रक्टना सरसकट ही युक्ती लावत नाहीत, एवढं लिहिलंय. 'भरताड' चालेल?

शमाताई: भरताड जेवणात आणि भाषणात असतं गं. पॅडिंगच राहू दे.