‘झोप येते’ की ‘झोप लागते’? दिवसाच्या झोपेच्या प्रश्नावलीतले शब्द

जळगावकर
दिवसा नको तिथे झोपणाऱ्या मोठ्या माणसांकडून डॉक्टर आठ प्रश्नांचा एक कागद भरून घेतात. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलात मरे जॉन्स यांनी तो १९९१ साली मांडला, म्हणून नाव एपवर्थ. बसून वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बोलत बसल्यावर झोपेची शक्यता किती, ते ० ते ३ मध्ये सांगायचं. बेरीज २४ पैकी. दहाच्या वर गेली तर जास्त समजतात. आपल्याकडच्या रुग्णांना हा कागद तोंडी समजावून सांगायचा आहे. शब्द कोणता वापरू? पेंग, डुलकी, झापड, सुस्ती, की सरळ ‘झोप येते का’?

धुळ्याची ताई
‘झोप येते का’ नको, भाऊ. सगळा घोळ तिथेच होतो. झोप येणं वेगळं, लागणं वेगळं. रात्र रात्र तळमळणारा माणूस दिवसभर म्हणतो, झोप येतेय. पण दुपारी गादीवर टाकलं तरी त्याचा डोळा लागत नाही. ‘येते का’ विचारलं तर तो प्रत्येक ठिकाणी ३ सांगेल आणि बेरीज फुगेल. मूळ सूचनेतच म्हटलंय की नुसतं थकल्यासारखं वाटणं यात धरायचं नाही.

पेंग म्हणजे डोळे जड झालेत, माणूस अजून जागा आहे. डुलकी म्हणजे क्षणभर का होईना, झोप लागून गेली. म्हणून ‘डुलकी’ किंवा ‘डोळा लागणं’. सुस्ती आणि थकवा तर दूरच ठेवा. रक्त कमी असलं, मन खचलेलं असलं तरी थकवा येतो.

भुसावळ
ताईंशी सहमत. यात आणखी दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. विश्वसनीयता म्हणजे तोच माणूस पुन्हा भरेल तेव्हा आकडा जवळपास तोच यावा. यथार्थता म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जावं. जॉन्स यांनी निरोगी विद्यार्थ्यांकडून पाच महिन्यांनी पुन्हा कागद भरून घेतला, तेव्हा आकडे चांगले जुळले होते. दवाखान्यातल्या रुग्णांत मात्र एकाच माणसाची बेरीज दोन वेळांत काही गुणांनी सहज हलते. ९ आणि ११ यांत फार मोठा फरक आहे असं मानून कुणाला घरी पाठवू नये.

झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून दर दोन तासांनी २० मिनिटं झोपायची संधी देतात, दिवसात चार-पाच वेळा. झोप लागायला सरासरी किती मिनिटं गेली ते मोजतात. त्या मोजमापाशी या कागदाचा मेळ कमजोरच बसतो. कागद अलीकडच्या सवयींबद्दल विचारतो, तारा त्या एका दिवसाचं सांगतात.

आमच्याकडे रेल्वेतली पाळीची माणसं खूप. नोकरीवर गदा येईल या भीतीने माणूस कमी सांगतो. शब्द कितीही नेमका असला तरी ही भीती आकड्यात उतरतेच. घोरणाऱ्याच्या बायकोलाही विचारा, तिने त्याला जेवता जेवता पेंगताना पाहिलेलं असतं.

शिरपूर
आमच्या म्हाताऱ्यांना अहिराणीत विचारा, ‘डोया लागी जास का?’ लगेच समजतं. अडचण प्रसंगांची आहे. गाडीत तासभर प्रवासी म्हणून बसणं एसटीवर निभावतं. पण जो कधी वाचतच नाही, तो ‘बसून वाचताना’ला काय सांगणार? आणि मे महिन्यात दुपारी आडवं झाल्यावर कोणाचा डोळा लागत नाही? तिथे सगळेच ३ म्हणतील, त्या एका प्रश्नावरून काही कळायचं नाही.

भुसावळ
जे अलीकडे केलेलं नाही, ते केलं असतं तर काय झालं असतं याचा अंदाज सांगायचा, अशी मूळ सूचना आहे. ती वगळू नका. आणि प्रसंग आपल्या मनाने बदलायचे नाहीत. प्रश्न बदलला की दहाची ती रेघ त्याला लागू होत नाही, सगळं पुन्हा तपासावं लागतं. शिवाय प्रश्नावलीवर स्वामित्वहक्क आहे, छापायची असेल तर आधी परवानगी मागा.

जळगावकर
छापत नाही, छापील कागद आहे तोच राहील. समजावताना तोंडी असं म्हणेन: ‘थकवा सोडून द्या. अशा वेळी तुमचा डोळा लागून जाईल का? कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, की हमखास?’

धुळ्याची ताई
‘क्वचित’ऐवजी ‘एखाद्या वेळी’ म्हणा. क्वचित आमच्या आजीला कळत नाही.