सहा महिने झाले म्हणून फिजिओ बंद करायचा का? (लकव्यानंतरचा हात)

पाणवठा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं ते आज लिहितेय, लांबलंय पण वाचा.

माझ्या आईला (वय ६१) गेल्या वर्षी लकवा झाला. आमच्याकडे अजून 'अंगावरून वारं गेलं' असंच म्हणतात, आणि वारं म्हटलं की आधी तेल, शेक, कुणीतरी सांगितलेला पाला, यात आमचे पहिले सात तास गेले. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे मला मिरजेत पोचल्यावर कळलं. ते गेलं ते गेलं. मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं.

सहाव्या महिन्यात तपासणीला गेलो तर सांगितलं, आता आलं तेवढं आलं, सहा महिन्यांनंतर मेंदू सुधारत नाही, घरीच जमेल तसा व्यायाम करा. हेच वाक्य मी नंतर पाच-सहा घरांत ऐकलं. आणि खरं सांगते, हे ऐकल्यावर घरच्यांना एक प्रकारे सुटल्यासारखं वाटतं, आम्हालाही वाटलं. फिजिओ बंद केला.

मग ताटाचा प्रकार लक्षात आला. आईचा झटका मेंदूच्या उजव्या बाजूचा, त्यामुळे डावा हात आणि डावा पाय गेलेला (मेंदूतून खाली येणारे तंतू मानेच्या जरा वर एकमेकांना ओलांडतात, म्हणून बाजू उलटी होते). ती ताटातली उजवीकडची भाजी, आमटी सगळं संपवायची आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लोणचं जसंच्या तसं. आम्हाला वाटायचं तोंडाची चव गेली असेल. एक दिवस भाचीने सहज ताट फिरवलं तर आईने चटणी बोटाने पुसून खाल्ली आणि म्हणाली, "आधी का नाही गं वाढलीस?" डोळे ठीक होते हो तिचे, तपासले होते. डावीकडचं जगच मेंदू हिशोबात धरत नव्हता, आणि त्या डावीकडच्या जगात तिचा स्वतःचा हात पण होता!

आठव्या महिन्यात दुसऱ्या फिजिओंकडे गेलो. त्यांनी आईला मनगट उचलायला लावलं, थोडं उचललं गेलं, बोटं पण जराशी उघडली. मग त्यांनी ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायला सांगितली, तिथपर्यंत नजर नेल्याशिवाय घास घ्यायचा नाही. आणि चांगल्या उजव्या हाताला रोज तीन तास जाड मोजा घालून ठेवायचा, जे करायचं ते डाव्याने. समोर सूप आणि सुपात भुईमुगाच्या शेंगा. एक शेंग फुटायची नाही, पहिले दहा-बारा दिवस तर आई रडायची, सूप ढकलून द्यायची. अकराव्या महिन्यात एका संध्याकाळी डाव्या अंगठ्याखाली कट् आवाज आला. दाणे सांडले सगळे, पण फोडली.

म्हणून माझं ठाम मत आहे की 'सहा महिन्यांनंतर काही होत नाही' हे वाक्य पेशंटच्या तोंडावर बोलायचं बंद झालं पाहिजे.

सीनाकाठ:
ताई, आईंचं वाचून बरं वाटलं, मनापासून. पण मी तुमच्या मताच्या पूर्ण विरोधात आहे आणि का ते सांगतो.

वडिलांना अडीच वर्षं झाली. मला कुणीच 'आता काही होणार नाही' असं सांगितलं नाही, उलट प्रत्येकाने होईल होईल सांगितलं. मेंदू लवचिक असतो, नवीन रस्ते तयार होतात, तुम्ही सोडू नका. घरी येणारा फिजिओ रोज, मग मशीनवाला, मग शहरातल्या एका ठिकाणी स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन, पाठीच्या कण्यातून. त्यासाठी रस्त्याकडचे वीस गुंठे विकले. हात आजही छातीशी मुडपलेला आहे, मूठ उघडत नाही.

त्या वेळी एका माणसाने समोर बसवून सांगितलं असतं ना की बाबा थांब, आता हात यायचा नाही, एका हाताने जगायचं शिकवू, तर वडिलांची दोन वर्षं वाया गेली नसती. ती दोन वर्षं त्यांनी फक्त वाट बघण्यात घालवली. एका हाताने शर्ट घालायला ते अजून शिकले नाहीत, कारण 'हात येणारच आहे' ना! त्यामुळे ते सहा महिन्यांचं वाक्य तुम्हाला क्रूर वाटतं, मला ते कुणी बोललं नाही याचा राग आहे.

पाणवठा:
सीनाकाठ दादा, जमिनीचं वाचून वाईट वाटलं. पण स्टेम सेल आणि शेंगा फोडणं एका तराजूत नका घालू. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत, स्टेम सेल हा मान्य उपचार फक्त रक्ताच्या वगैरे आजारांतल्या बोन मॅरो (अस्थिमज्जा) प्रत्यारोपणापुरता, बाकी सगळं संशोधन, आणि संशोधनासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. तुम्हाला फसवलंय. पण फसवणाऱ्याने 'मेंदू लवचिक असतो' हे शब्द वापरले म्हणून ते शब्द खोटे होत नाहीत.

सीनाकाठ:
शब्द खोटे नसतील, पण ते विकले जातात ना. माझा मुद्दा तोच आहे.

फिजिओ_करवीर:
मी न्यूरो फिजिओ (मेंदू आणि नसांच्या आजारांतली फिजिओ) आहे, अठरा वर्षं हेच काम करते. दोघांनाही थोडं खटकेल असं लिहिणार आहे.

झटका आला की नेमकं काय होतं ते आधी बघू. मेंदू शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के, पण ऊर्जा खातो जवळजवळ २० टक्के, आणि साठा नसल्यातच जमा. त्यामुळे मोठी रक्तवाहिनी बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. एकूण ८६ अब्ज आहेत म्हणून दिलासा वाटून घेऊ नका, कारण कुठल्या मेल्या याला महत्त्व आहे. मेंदूच्या आत खोलवर एक चिंचोळी जागा आहे, तिथून हाताकडे जाणारे सगळे तंतू दाटीवाटीने उतरतात. तिथे वाटाण्याएवढी जखम झाली तरी अख्खा हात जातो, आणि दुसरीकडे लिंबाएवढी असून माणूस चालत घरी येतो.

मेलेल्या भागाच्या कडेने काही पेशी अर्धवट जिवंत, गप्प झालेल्या असतात. रक्त परत आलं, सूज उतरली की त्यातल्या बऱ्याच कामाला लागतात. पहिल्या तीन महिन्यांत जी भराभर सुधारणा दिसते तिच्यात याचा मोठा वाटा असतो, व्यायाम कितीही करा, तो वेग पुढे राहत नाही. 'सहा महिने' हे वाक्य इथून आलंय. ते पूर्ण चूक नाही, अर्धवट आहे.

कारण दुसरी गोष्ट शिकण्याची आहे. काहाल या मेंदूच्या अभ्यासकाने (१९०६ चा नोबेल मिळालेला) शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलं की मोठ्या माणसाच्या मेंदूतले मार्ग पक्के, ठरलेले, आणि पुढे कित्येक दशकं सगळे तेच धरून चालले. १९८०च्या दशकात मर्झेनिक या संशोधकांनी माकडांवर दाखवलं की एक बोट काढलं तर मेंदूतली त्या बोटाची जागा रिकामी पडून राहत नाही, शेजारची बोटं ती घेतात. १९९६ मध्ये नुडो या संशोधकांच्या माकडांवरच्याच प्रयोगांत असं दिसलं की झटक्यानंतर हात वापरायला लावला तर मेंदूतली हाताची उरलेली जागा टिकते, नाही वापरला तर तीही आकसत जाते. म्हणजे न वापरणं हे नुसतं थांबणं नसतं, मेंदू ती जागा दुसऱ्याला देऊन टाकतो.

मोज्याचा उपाय पण हवेतला नाही. २००६ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत २२२ पेशंट होते, झटक्याला ३ ते ९ महिने झालेले, दोन आठवडे हा प्रकार केला आणि फायदा वर्षभर टिकला. पण अट काय होती ते कुणी सांगत नाही! मनगट आणि बोटं स्वतःच्या ताकदीने थोडी तरी मागे उचलता येणारे पेशंटच घेतले होते. पाणवठा ताईंच्या फिजिओंनी आधी मनगट बघितलं ते यासाठी. सीनाकाठ दादांच्या वडिलांना तीन महिने मोजा घातला असता तर त्यांचा चांगला हात बांधून ठेवल्यासारखं झालं असतं, बस.

जुना_मास्तर:
माझं मत असं की उशिरा करण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून जोरात करायचं. आमच्या भावाला दुसऱ्या दिवशी सकाळपासून धरून धरून चालवलं, दिवसातून आठ वेळा, आज तो शेतात जातो. लोक लाड करून पेशंटला झोपवून ठेवतात आणि मग सहा महिन्यांचा वाद घालतात.

दुसरं, त्याची वाचा गेली होती. बायकोचं नाव येत नव्हतं, पाणी म्हणता येत नव्हतं. पण गणपतीत आरती सुरू झाली आणि हा पूर्ण आरती म्हणाला, सुरात, एक शब्द न चुकता. सगळे टाळ वाजवायचे थांबले. आरती संपल्यावर मी विचारलं, माझं नाव काय, तर परत नुसतं आँ आँ. हे काय असतं ताई?

फिजिओ_करवीर:
मास्तर, भावाचं चांगलं झालं, पण ती पद्धत दुसऱ्याला सांगू नका. पहिल्या २४ तासांतच उठवून वारंवार चालवायचं यावर २०१५ मध्ये मोठी चाचणी झाली, त्यात नेहमीच्या काळजीपेक्षा निकाल थोडा वाईट आला. लवकर उठवायचंच, पण थोडं थोडं, आणि डॉक्टरांनी बीपी बघून हो म्हटल्यावर. जितकं जास्त तितकं चांगलं असा मेंदूचा नियम नाही.

आरतीचं उत्तर असं की स्वतः शब्द शोधून बोलायचं काम बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला चालतं, पण सूर आणि वर्षानुवर्षं घोटून पाठ झालेल्या ओळी यांचा आधार दुसरीकडेही असतो. म्हणून आरती, पाढे, एक ते दहा आकडे हे मागे राहतात. सुरावर छोटी वाक्यं म्हणवून घ्यायची एक पद्धत १९७०च्या दशकापासून वापरात आहे, सगळ्यांना लागू पडत नाही, पण स्पीच थेरपिस्टना नक्की विचारा.

शुभदा_५१:
सगळं वाचलं. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. रोज तीन तास मोजा, शेंगा, लाल पट्टी, हे करून कोण घेतं? आमच्याकडे मी घेते. सासूबाईंचा चौथा महिना चालू आहे. सकाळी डबे, मग त्यांची अंघोळ, व्यायाम, दुपारी परत व्यायाम, मग नोकरीवरून आलेले लोक विचारतात आज किती वेळा केलंस. पाणवठा ताई, तुम्ही लिहिलंत घरचे सुटल्यासारखे होतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका असं मला सांगायचंय. मला पण ते सहा महिन्यांचं वाक्य कधी ऐकायला मिळतंय असं होतं कधीकधी. मेंदू सुधारतो हे खरं असेल, पण तो दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर सुधारतो.

पाणवठा:
शुभदा ताई, तुमचं वाचून थांबले. आमच्याकडे वहिनी करते, मी शनिवार-रविवार जाते आणि इथे येऊन मोठं मोठं लिहिते. वहिनीला मी आज फोन करणार आहे. यापुढे तीन तासांतला एक तास भावाचा, हे त्याला मी सांगेन.

माझं वाक्य थोडं बदलते. 'सहा महिन्यांनी बंद' असं सरसकट म्हणू नका, आणि 'चालू ठेवा' असंही सरसकट नको. आधी मनगट आणि बोटं बघा, मग बोला.

सीनाकाठ:
हे मला मान्य आहे. बघून बोला. अडीच वर्षांत हात बघून, नीट समजावून कुणी बोललं नाही.

काल रात्री वडिलांना मनगट उचला म्हटलं. नाही उचललं. बोटं पण नाही. खांदा थोडा वर जातो आणि कोपर अजून आत मुडपतं. करवीर ताई, यात आता काय करायचं तेवढं सांगा, खोटं नको.

फिजिओ_करवीर:
अडीच वर्षांनी हालचाल शून्य असेल तर त्या हाताने शर्टाचं बटण लावता येईल असं मी म्हणणार नाही. पण मूठ घट्ट राहिली तर नखं तळव्यात रुततात, घाम साचून चामडी सडते, काखेत पण तेच. त्यासाठी रोज दोन वेळा कोमट पाण्यात हात ठेवून अंगठ्यापासून सुरुवात करून मूठ हळूहळू उघडा, झटका देऊन नाही. मुठीत रुमालाची गुंडाळी ठेवा. हात धरून कधी ओढू नका, खांदा निखळतो. फारच कडक असेल तर स्नायू सैल करायचं इंजेक्शन असतं, ते न्यूरोलॉजिस्ट देतात, त्याने हात चालायला लागत नाही, पण धुता येतो, दुखणं कमी होतं.

आणि शर्ट उद्यापासून सुरू करा. मांडीवर पसरायचा, आधी लुळा हात बाहीत घालायचा, कोपराच्या वर ओढून घ्यायचा, मग पाठीमागून फिरवून चांगला हात. काढताना उलट, चांगला हात आधी. सदरा ढगळ घ्या, बटणांच्या जागी वेल्क्रो लावून घ्या, कुठलाही शिंपी लावून देईल.

सीनाकाठ:
आधी लुळा हात. बरं. सकाळी बघतो.