मदत हवी आहे : सातपुड्यात झाडं लावायची, पण कोणाला विचारून?

राम राम मंडळी. आम्ही जळगावची दहा-बारा जणं दर पावसाळ्यात सातपुड्यात झाडं लावतो. यंदा धडगावकडच्या एका पाड्यावर गेलो. खड्डे खणून झाल्यावर एक पावरा (इथला आदिवासी समाज) आजी म्हणाल्या, "इथं आमची गुरं चरतात. विचारलं कोणाला?" काय बोलणार? बॅनर मात्र आम्ही आधीच छापून नेला होता!

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. जंगल सरकारचं आणि त्यात राहणारा अतिक्रमणवाला, ही समज इंग्रजांच्या १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांतून आली. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईसुद्धा हक्क आहे, आणि कलम ५ प्रमाणे जंगल, पाणलोट, जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. म्हणजे हवामान बदलाच्या नावाखाली, न विचारता झाडं लावून, तीच साहेबी आम्ही चालवतोय. ज्या भागातली ३३ गावं सरदार सरोवराच्या बुडितात आली, तिथं हे जास्तच बोचतं.

आता झाडं बाजूला ठेवलीत. सामूहिक वनहक्काचा, म्हणजे अख्ख्या गावाच्या जंगलहक्काचा, दावा किंवा त्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करताना ग्रामसभेला बाहेरच्यांची नेमकी कशात मदत लागते? जीपीएस मोजणी, नकाशे, जुने कागद शोधणं? देणगी थेट ग्रामसभेच्या खात्यात देता येते का? मधे आमची संस्था नको.

आणि पावरी किंवा भिली बोलणारं कोणी सोबत येईल का? बोलायला नाही, आम्हाला ऐकायला.

नंदुरबार, चोपडा, यावलकडच्यांनी जरूर लिहा. चुकत असेल तर स्पष्ट सांगा.