हॉररचा रिमेक फक्त हॉररवाल्यानेच करायचा, हा नियम कुणी काढला?

निशाचर
काल कुणीतरी लिहिलंय की जुन्या हॉरर क्लासिकचा रिमेक ज्याच्या नावावर आधीच दोन-चार हॉरर पिक्चर आहेत अशाच दिग्दर्शकाला द्यावा, बाकीच्यांनी "आपापली कामं करावीत". आणि खाली सगळे माना डोलावतायत. डोक्यातच गेलं म्हणून इतकं लिहितोय.

एक्सॉर्सिस्ट (1973) करायच्या आधी त्याचा दिग्दर्शक फ्रीडकिन, त्याच्याकडे काय होतं? डॉक्युमेंटरी आणि फ्रेंच कनेक्शन, म्हणजे पोलिसांचा पिक्चर. एक्सॉर्सिस्टमध्ये भुताने झपाटलेल्या पोरीला आधी हॉस्पिटलात नेतात, मानेत सुई घालतात, रक्त उडतं, मशीन धडधडत असतं, हे सगळं त्याने इतकं कोरडं घेतलंय की नंतर बेडरूममध्ये जे होतं त्यावर अविश्वास दाखवायची सोयच राहत नाही. ही हॉररवाल्याची युक्ती नाही, बातमीदाराची आहे. रोझमेरीज बेबीचे हक्क तर विल्यम कॅसलने घेतले होते, थिएटरात प्रेक्षकांच्या डोक्यावरून सांगाडा फिरवणारा पक्का हॉररवाला, त्याला स्वतःलाच दिग्दर्शन करायचं होतं. पॅरामाउंटच्या रॉबर्ट इव्हान्सने ते पोलान्स्कीला दिलं आणि कॅसलला निर्माता केलं. विचार करा उलटं झालं असतं तर!

रिमेकचंच बोलायचं तर द रिंग (2002) करणाऱ्या व्हर्बिन्स्कीने आधी उंदराची कॉमेडी केली होती. शिक्का बघू नका. ह्या माणसाला ह्या गोष्टीत स्वतःचं असं काय दिसलंय एवढंच बघा. 1958 च्या फ्लायमध्ये माणसाचं डोकं एका झटक्यात माशीचं होतं. 1986 ला क्रोननबर्गने तेच हळूहळू केलं, नखं निघतात, दात पडतात, आणि प्रेम करणारी बाई समोर उभी राहून बघतेय. घरात कुणाचं लांबलेलं आजारपण बघितलेल्या माणसाला तो पिक्चर झोपू देत नाही.

कंदीलवाली
तुमची अर्धी उदाहरणं तुमच्यावरच उलटतात. पोलान्स्कीने 1965 ला रिपल्शन केला होता, भिंतीतून हात बाहेर येतात तो. म्हणजे रोझमेरी एका हॉररवाल्याकडून काढून त्याच्याहून चांगल्या हॉररवाल्याला दिला. क्रोननबर्ग फ्लायच्या आधी स्कॅनर्स आणि व्हिडिओड्रोम करून बसलेला. द थिंग (1982) करणारा कारपेंटर म्हणजे हॅलोविनवाला. जगातले सगळ्यात भारी दोन हॉरर रिमेक, दोन्ही हॉररवाल्यांचे. आणि बाहेरचा माणूस आणला की काय होतं त्याला 2010 चा नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट आहेच की. दिग्दर्शक सॅम्युअल बायर, निर्वाणा ह्या रॉक बँडच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचा व्हिडिओ त्याचाच, फ्रेम न् फ्रेम देखणी आणि भीती शून्य.

मी एका हॉरर सिरीजवर असिस्टंट होते. दिग्दर्शक कौटुंबिक मालिकांमधून आलेले, माणूस अतिशय सज्जन. सीन असा की बाई भांडी घासतेय आणि मागे दारात कुणीतरी उभं आहे, फोकसच्या बाहेर. प्रत्येक टेकनंतर हे म्हणायचे आता दारातल्याचा क्लोजअप घेऊ, एक्स्प्रेशन दिसलं पाहिजे. अहो क्लोजअप घेतला की भूत संपलं, उरतो तो मेकअप केलेला ज्युनियर आर्टिस्ट! रिकामी चौकट किती सेकंद धरायची, आवाज कुठे काढून घ्यायचा, हे करून करूनच हातात बसतं. "स्वतःचं काय दिसलंय" म्हणे. दिसून काय उपयोग, दाखवता आलं पाहिजे.

जुनी_रीळ
थिंगचं नाव निघालंय तर बोलतोच. दिग्दर्शक कोण हा प्रश्नच चुकीचाय, राक्षस हाताने बनवलाय का कॉम्प्युटरवर हा खरा प्रश्न. 1982 ला रॉब बॉटिनने जे केलं, डॉक्टर छातीवर शॉक द्यायला जातो, छातीचं तोंड होतं आणि दोन्ही हात कोपरापासून तोडतं, त्या शॉटसाठी खरोखर हात नसलेला माणूस आणून त्याला नकली हात लावले होते. काम संपल्यावर बॉटिन थकून हॉस्पिटलात गेला. आणि 2011 ला त्याच नावाने जो आला त्यात कारागिरांनी सगळे पुतळे बनवलेले, शूटही केलेले, नंतर वर सीजी, म्हणजे कॉम्प्युटरवरची चित्रं, थापलं. बघताना रडू आलं मला. ज्याने पुतळा बनवला त्याने थिएटरात बसून काय बघायचं?

एडिटरूम
@जुनी_रीळ तो निर्णय दिग्दर्शकाच्या एकट्याच्या हातात असतो असं वाटतं का तुम्हाला? मी एडिटिंग करतो म्हणून सांगतो. एका हॉररमध्ये आम्ही जिन्यावरचा सीन पूर्ण शांत ठेवला होता, फक्त पायरीचा आवाज. निर्मात्याच्या माणसाने बघितलं आणि म्हणाला इथे एक मोठा दणका टाका, लोक मोबाईल बघतील. टाकला. दिग्दर्शक शेजारीच बसला होता, एक शब्द बोलला नाही बिचारा, त्याला पुढचा पिक्चर हवा होता. स्टुडिओ निवडतो तो ऐकणारा माणूस. हॉररवाला का बिगर हॉररवाला हे नंतरचं.

तिसरी_रांग
@जुनी_रीळ सीजी म्हणजे पाप हे तुणतुणं पुरे आता. 2011 च्याच कारागिरांपैकी अ‍ॅलेक गिलिसने लोकांकडून पैसे गोळा करून हार्बिंजर डाउन (2015) काढला, सगळं हाताने, मुद्दाम. मी कौतुकाने बघायला बसले. रबर खरं, चिकट पाणी खरं, आणि जहाजावरचं कोण मेलं त्याचं मला काही वाटलं नाही, कारण माणसंच लिहिलेली नाहीत.

जुनी_रीळ
म्हणजे एक पिक्चर फसला की सगळी कला फसली? फ्लायच्या मेकअपला ऑस्कर मिळालाय. उगाच मिळालं का? नटासमोर खरी वस्तू असते तेव्हा त्याचा चेहरा वेगळा असतो, हिरव्या पडद्यासमोर नुसते डोळे मोठे करतात सगळे. ज्यांनी आयुष्यात मातीला हात लावला नाही त्यांनी मला तुणतुणं म्हणू नये.

तिसरी_रांग
मी शिल्पकला शिकलेय, तेव्हा माती मला शिकवू नका. आणि त्या ऑस्करचा मान ठेवूनच सांगते, फ्लायमधला मेकअप चालतो कारण आतला माणूस आधी आवडलेला असतो. हे दिग्दर्शकाचं काम आहे. म्हणून माझं मत, मूळ दिग्दर्शकालाच परत बोलवा, त्याला माहीत असतं आत काय आहे. हानेकेने फनी गेम्स स्वतःच परत केला, शिमिझूने द ग्रज (2004) स्वतः केला, आपल्या विशाल फुरियाने लपाछपीचा छोरी स्वतः केला.

निशाचर
मूळ दिग्दर्शकाने तर मुळीच नको. द रिंग ज्यावरून केला त्या मूळ जपानी रिंगूचा दिग्दर्शक नाकाता, त्याला 2005 ला अमेरिकेत द रिंग टू दिला, आणि ज्या भुताच्या पोरीला त्याने पडद्यावर जन्म दिला तिलाच त्याला परत उभं करता आलं नाही. छोरी नीट बनवलाय, पण बघताना मला सारखा लपाछपीच दिसत होता, उसाच्या शेतातली पहिली भीती एकदाच येते. मूळ सेटवरचा माणूस घ्यावा तरी तेच. मल्याळम मणिचित्रताळूला (1993) प्रियदर्शन सेकंड युनिटचा दिग्दर्शक होता, 2007 ला त्याचा हिंदी रिमेक भूल भुलैया त्यानेच केला, आणि त्यात कॉमेडी इतकी फुगली की त्या बाईचं दुखणं कोपऱ्यात गेलं.

@कंदीलवाली रिपल्शनचा मुद्दा ठीक, तो घ्या तुम्ही. पण मग डेव्हिड गॉर्डन ग्रीनचं काय? पाइनॲपल एक्स्प्रेसवाला कॉमेडीचा माणूस, 2018 चा हॅलोविन त्याने चालवून दाखवला.

कंदीलवाली
आणि त्याच जोरावर त्याच्या हातात एक्सॉर्सिस्ट दिला! हक्कांसाठी 40 कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या होत्या, 2023 चा पहिला भाग इतका आपटला की पुढचा त्याने सोडला आणि 2024 ला फ्लॅनगनला आणलं. कुणाला आणलं? हॉररवाल्याला. नेहमीचंच आहे हे, बाहेरच्याने मोडायचं आणि आमच्यातल्याने निस्तरायचं.

एडिटरूम
हॅलोविन चालला कारण त्यात त्याला मूळ पिक्चरची नायिका, आता म्हातारी झालेली लॉरी सापडली, चाळीस वर्षं दाराला कड्या लावून बसलेली बाई. ते त्याचं स्वतःचं होतं. एक्सॉर्सिस्टमध्ये त्याला तसं काही सापडलंच नाही, एकीच्या जागी दोन पोरी केल्या. निशाचरचं मला तेवढंच पटतं, बाकी तो निर्मात्यांना फार सोडतोय.

कंदीलवाली
लॉरीचं मान्य. व्हर्बिन्स्कीही मान्य, द रिंगमधली ती शापित व्हिडिओ टेप त्याने खरंच भयानक केलीय, नाइलाजाने म्हणते. पण "गोष्टीत काय दिसलं" हे मीटिंगमध्ये कुणीही गोड बोलून सांगतो, आमचे ते सज्जन दिग्दर्शकही फार सुंदर बोलायचे. बाहेरचा आणायचाय तर आणा, फक्त सही घ्यायच्या आधी त्याला एक बाई, एक दार आणि एक रात्र द्या, शूट करून आणू दे, बॅकग्राउंड म्युझिक न लावता. मागे फिरून बघावंसं वाटलं तर पिक्चर द्या त्याला.

निशाचर
हे चालेल. पण हीच परीक्षा हॉररवाल्यांचीही घ्यायची, जुन्या नावावर कुणाला सूट नाही.