भाऊ नशेत असताना आमच्यापासून तुटला, यात मेंदूचा भाग किती?

पाऊलवाट

मेंदूतल्या केमिकल्सबद्दल कोणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा. माझा धाकटा भाऊ हेरॉइनच्या नादी लागला होता, आता ट्रीटमेंट चालू आहे, बुप्रेनॉर्फिनच्या गोळ्या आहेत आणि तब्येत बरीच सावरलीय. पण मला छळतंय ते वेगळंच. हा पोरगा घरात सगळ्यात मायाळू, आईला साधा ताप आला तरी उशाशी बसून राहणारा, आणि नशेच्या काळात आईचं ऑपरेशन झालं तेव्हा तो फिरकलासुद्धा नाही. आई अजून म्हणते, त्याची माया आटली. त्याचे डॉक्टर परवा बोलता बोलता म्हणाले की माणसांची ओढ आणि नशेची ओढ मेंदूत बरीचशी एकाच यंत्रणेवर चालते, बाहेर पेशंट थांबलेले म्हणून पुढे विचारता आलं नाही. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर आता आम्ही त्याच्या जवळ राहिल्याने काही होतं, की ती आमच्याच मनाची समजूत?

सिनॅप्स

ताई, डॉक्टर बरोबर बोलले, आणि हेरॉइनच्या बाबतीत तर जास्तच. १९७३ मध्ये कॅन्डेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवलं की मॉर्फिनसारखी द्रव्यं जाऊन बसतील अशा ठरलेल्या जागा मेंदूत असतात, ओपिऑइड रिसेप्टर म्हणतात ते. मग प्रश्न आला की शरीर स्वतः असं काय बनवतं जे तिथे बसतं, तर १९७५ मध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांना एन्केफॅलिन सापडलं, एंडॉर्फिनही त्याच घराण्यातलं. वेदना कमी करणं हे त्यांचं काम सगळ्यांना माहीत असतं, पण दुसरं काम कमी लोकांना माहीत आहे. १९७८ मध्ये याक पँकसेप आणि सहकाऱ्यांनी आईपासून वेगळ्या केलेल्या पिल्लांना मॉर्फिनचा अगदी छोटा डोस दिला, झोप येणार नाही इतका छोटा, आणि पिल्लांचं केविलवाणं रडणं कमी झालं. उलट बाजूने २००४ मध्ये दिसलं की ज्या उंदरांच्या पिल्लांत म्यू नावाचा ओपिऑइड रिसेप्टर जन्मापासूनच नाही, ती आईपासून लांब केली तरी तिला फारशा हाकाच मारत नाहीत. म्हणजे विरहाची कळ आणि जवळ आल्यावर मिळणारा दिलासा, दोन्हीत ही यंत्रणा गुंतलेली आहे.

आता हेरॉइन मेंदूत पोचल्यावर त्याचं मॉर्फिन होतं आणि ते याच म्यू रिसेप्टरवर बसतं, तेही आईच्या कुशीने किंवा मित्राच्या मिठीने जेवढं मिळेल त्याच्या कितीतरी पट. एखाद्याला ‘आपलं माणूस लांब आहे’ ही बोच जाणवायला जे लागतं तेच दिवसचे दिवस बधिर ठेवलं तर तो हॉस्पिटलला येईल कसा? तुमच्या आईला हे नक्की सांगा. आणि नशा उतरायला लागली की सगळं उलटं फिरतं, अस्वस्थपणा, झोप नाही, डोळ्यांतून नाकातून पाणी, अंग मोडून येणं, त्या अवस्थेत माणसाला फक्त पुढचा डोस दिसतो. माया आटली असं मला तरी नाही वाटत, ती वाटायची सोयच मेंदूत बंद पडली होती.

हिरवळ

वरच्या उत्तरात डोपामिन राहिलं म्हणून लिहितेय. डोपामिन म्हणजे आनंदाचं केमिकल असं सगळीकडे वाचायला मिळतं पण ते अर्धवट आहे. टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये मांडलं की हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डोपामिन मुख्यतः हवंसं वाटण्याचं काम करतं, म्हणूनच व्यसनात मजा कधीच संपलेली असते तरी तलफ वाढतच जाते.

यात मला सगळ्यात विलक्षण वाटतात ते प्रेअरी व्होल, उत्तर अमेरिकेतला उंदरासारखा छोटा प्राणी जो जोडी जमवून राहतो. ही जोडी जमताना त्यांच्या मेंदूतल्या न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स या भागात डोपामिन लागतं, आणि अँफेटामिन, कोकेन यांचा जोरही तिथेच चालतो. २०१० च्या एका प्रयोगात नर व्होलना तीन दिवस अँफेटामिन दिलं तर पुढे त्यांची जोडीच जमेना, मादी समोर असून नसल्यासारखी. पण ताई खरी गंमत उलट प्रयोगात आहे, ज्यांची जोडी आधीच घट्ट जमली होती त्या नरांना अँफेटामिनची तेवढी भुरळच पडली नाही! म्हणजे नशा नात्याची जागा खाते तसं पक्कं नातंही नशेची जागा खातं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला हे अगदी लागू पडतं असं मला मनापासून वाटतं.

तपासून_बघा

हिरवळ यांचं बरोबर आहे पण दोन ठिकाणी सावध राहायला हवं, कारण असे धागे वाचून लोक काहीतरी विकत घेऊन मोकळे होतात. ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेमाचं हार्मोन, त्याचा नाकात मारायचा स्प्रे घ्या आणि व्यसन सोडा, असले दावे ऑनलाइन दिसतात. माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल उलटसुलट आहेत, आणि २०२३ मध्ये तर असं दिसलं की ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर काढून टाकलेल्या व्होलांचीही जोडी जमते. एका केमिकलवर सगळं उभं नाही एवढं नक्की.

दुसरं, ‘एकटेपणा घालवला की व्यसन आपोआप जातं’ हे. ब्रूस अलेक्झांडर यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी कॅनडात उंदरांसाठी ऐसपैस जागा, सोबती, खेळायच्या वस्तू असा रॅट पार्क केला होता, तिथले उंदीर एकेकट्या पिंजऱ्यातल्यांपेक्षा मॉर्फिनचं पाणी कमी प्यायचे. गोष्ट सुंदर आहे, पण नंतर इतरांनी करून बघितलं तेव्हा दर वेळी तसंच आलं नाही. माणूस औषधांशिवाय नुसत्या प्रेमाने बरा होईल असा अर्थ त्यातून काढू नये.

मात्र २०१८ चा मार्को व्हेनिरो आणि यावीन शाहम यांचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. उंदरासमोर दोन कळा, एक दाबली की मेथअँफेटामिन, दुसरी दाबली की सोबत्याची भेट. नशेची चटक लागलेले उंदीरसुद्धा बहुतेक वेळा सोबती निवडत होते. आणि आता नीट वाचा, भेट मिळायला उशीर लावला किंवा भेटीच्या कळेला शॉक जोडला की तेच उंदीर पुन्हा नशेकडे वळायचे. उंदरावरून माणसावर उडी मारू नये हे मलाही कळतं, तरी ज्या घरात पोरगा समोर आला की दर वेळी उलटतपासणी आणि मागचा हिशेब सुरू होतो त्या घराचा विचार केल्याशिवाय मला राहवत नाही. नुसती माणसं असून भागत नाही, ती भेट त्याला सोसवली पाहिजे.

परतीचा_प्रवासी

मी त्यातून बाहेर पडलेला माणूस आहे त्यामुळे आतून कसं असतं ते सांगतो. नशा सोडल्यावर लगेच प्रेम उचंबळून येत नाही. सुरुवातीचे कित्येक महिने सगळं सपाट असतं, जेवण, गाणी, माणसं, कशातच काही लागत नाही, भाचीला उचलून घेतलं तरी आत काहीच हलायचं नाही आणि मग त्याचीच भीती वाटायची की आपण आता असेच राहणार का. समुपदेशकाने समजावलं की मेंदूचा तो भाग सवयीने मंदावलाय, हळूहळू येईल, आणि आलं खरंच, थोडं थोडं करून. त्या दिवसांत मला सगळ्यात आधार झाला तो मोठ्या भावाचा, तो येऊन नुसता बाजूला बसायचा, क्रिकेट लावायचा, ‘परत घेतलीस का’ असं एकदाही विचारलं नाही. तुमच्या भावाकडून लगेच आधीसारखी माया दिसली नाही तर आईंना म्हणावं थांबा जरा.

पाऊलवाट

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार. सिनॅप्स यांचं उत्तर आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ रडली पण काल तिने स्वतः त्याला जेवायला वाढलं. उलटतपासणीचं वाचून मला माझ्या काकांची आठवण झाली, त्यांच्याशी बोलेन. अजून एक विचारायचंय, नातेवाईक म्हणतात एक नशा सोडून दुसरी लावलीय, गोळ्या बंद करा, आणि ओपिऑइडने माया बधिर होत असेल तर बुप्रेनॉर्फिननेही होणार नाही का?

सिनॅप्स

गोळ्या परस्पर बंद करू नका, प्लीज. बुप्रेनॉर्फिन त्याच म्यू रिसेप्टरवर बसतं हे खरं, पण अर्धवट चालू करतं, एका मर्यादेपुढे डोस वाढवला तरी परिणाम फारसा वाढत नाही, आणि ते तिथे घट्ट आणि बराच वेळ बसून राहतं. त्यामुळे हेरॉइनसारखे चढउतार नाहीत, तलफ आटोक्यात राहते आणि माणसाला बाकी आयुष्याकडे बघायला उसंत मिळते. थोडा बधिरपणा काहींना जाणवतो, तसं असेल तर डोसबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं. पण अचानक गोळ्या थांबल्या, तलफ परत आली आणि त्याने जुन्या सवयीने जुनाच डोस घेतला तर तोवर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, श्वास थांबून जीव जाऊ शकतो, व्यसनमुक्तीत अशीच कितीतरी माणसं गेली आहेत. हे काकांना आणि बाकी नातेवाइकांना याच शब्दांत सांगा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना नॅलोक्सोनबद्दल विचारा, ओव्हरडोस झाला तर तेच औषध श्वास परत आणतं, पण त्याचा असर लवकर उतरतो म्हणून दिल्यावरही हॉस्पिटल गाठावंच लागतं, घरातल्या निदान दोघांना ते कसं द्यायचं हे शिकून ठेवा.