मदत हवी आहे: सायक्लोहेक्झिमाइडनंतर आरटी-पीसीआरमध्ये तिसरा बँड

कालिना_एक्सॉन
एचईके 293 पेशींत एका एसआर प्रथिनाच्या (स्प्लायसिंग नियंत्रित करणारं) जीनमधला पॉइझन एक्सॉन (92 बेस; एमआरएनएत आला की अकाली थांबा-संकेत येतो) तपासते आहे. प्रायमर शेजारच्या दोन एक्सॉनांत, अपेक्षित बँड 210 (एक्सॉन वगळलेला) आणि 302 (एक्सॉनसह) बेसचे. सायक्लोहेक्झिमाइड (भाषांतर, म्हणजे प्रथिननिर्मिती, थांबवणारं औषध; 100 मायक्रोग्रॅम/मिलि, 4 तास) दिलं की 302 चा ठळक होतो, तो व्हायलाच हवा. पण त्याच्या वर, 400 च्या आसपास, आणखी एक फिकट बँड दिसतो. नुसत्या डीएमएसओच्या (औषध विरघळवायचा द्रव) नमुन्यात तो नाही. 35 सायकल, 6 टक्के पॉलीअॅक्रिलामाइड. एनएमडी (अकाली थांबा-संकेत असलेले एमआरएनए मोडणारी, भाषांतरावर अवलंबून असलेली यंत्रणा) थांबल्यामुळे टिकलेला नवा आयसोफॉर्म (त्याच जीनच्या एमआरएनएचं वेगळं रूप) धरू का? आरएनएचं 260/230 (शुद्धता दाखवणारं गुणोत्तर) फक्त 1.1 आहे.

पीसीआरवाला
इतक्यात धरू नका. मला हा हेटेरोड्युप्लेक्स वाटतो. शेवटच्या सायकलींत प्रायमर कमी पडतात, मग लांब आयसोफॉर्मची एक साखळी आखूड आयसोफॉर्मच्या साखळीशी जुळते. मधले 92 बेस फुगवटा होऊन बाहेर राहतात आणि अॅक्रिलामाइडमध्ये तो रेणू 302 पेक्षाही हळू सरकतो. डीएमएसओत 302 जवळजवळ नसतोच, मग जोडी जमणार कोणाशी? म्हणून तिथे बँड नाही.

खात्री करायची तर 210 आणि 302 चे बँड वेगवेगळे कापून शुद्ध करा, समप्रमाणात मिसळा, 95 अंशांवर 5 मिनिटं तापवून हळूहळू थंड करा. वरचा बँड आला की प्रश्न मिटला. युरिया जेलवर (त्यात साखळ्या सुट्या राहतात) तो नाहीसा व्हायला हवा.

घाटकोपरकर
त्याआधी रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी लावा. मधले इन्ट्रॉन लहान असतील तर जीनोमिक डीएनएचाही बँड वर येतो, मात्र तो दोन्ही नमुन्यांत दिसला असता. 260/230 1.1 म्हणजे बहुधा ग्वानिडीन थायोसायनेट (आरएनए काढताना वापरलेलं रसायन) उरलंय. 75 टक्के इथेनॉलने आणखी एकदा धुवा. मुंबईच्या जुलैत पेलेट वाळत नाही म्हणून हीट ब्लॉकवर ठेवायची सवय असते, ती सोडा. कडक वाळलेला आरएनए नीट विरघळत नाही.

कालिना_एक्सॉन
हेटेरोड्युप्लेक्सच निघाला तर 302 च्या आयसोफॉर्मची टक्केवारी कशी काढू?

पीसीआरवाला
त्या जेलवरून नको. हेटेरोड्युप्लेक्स दोन्ही आयसोफॉर्मकडून सारखेच रेणू घेतो, त्यामुळे कमी असलेला आयसोफॉर्म आणखी कमी दिसतो. 25-27 सायकलींवर थांबा. तेवढ्याने भागलं नाही तर उत्पादन 10 पट पातळ करून ताज्या प्रायमरसह 3 सायकल द्या. आणि सायक्लोहेक्झिमाइड सगळंच भाषांतर थांबवतं, तेव्हा एनएमडीचा दावा करण्याआधी यूपीएफ1 (एनएमडीला लागणारं प्रथिन) एसआयआरएनएने (जीन दाबणारा छोटा आरएनए) कमी करूनही 302 वाढतो का ते बघा.